मामा आले की संघर्ष जातो

मराठी आत्मचरित्राचा नायक मुंबईत उतरतो तेव्हा त्याच्या खिशात पाच रुपयांच्या वर कधी सापडत नाहीत. पन्नास रुपये घेऊन उतरलेला माणूस निदान माझ्या वाचनात नाही. अशी माणसं येत असणारच, नाहीतर गिरगावातल्या एवढ्या खानावळी चालल्या कशावर? पण या पन्नासवाल्यांनी एकतर आत्मचरित्रं लिहिली नाहीत, किंवा लिहिताना रक्कम उतरवली. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण ती रक्कम उतरताना मी समोर बसून पाहिली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा आत्मचरित्र लिहीत होते आणि शुद्धलेखन तपासायला कागद माझ्याकडे येत होते. पहिल्या खर्ड्यात ते १९६४ साली चाळीस रुपये घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात सव्वादोन रुपये उरले आणि खिसाही फाटला.

“अण्णा, चाळीसचे सव्वादोन कसे झाले?”

“अहो, चाळीस रुपये म्हणजे तेव्हा पैसेवालाच. वाचक कशाला जीव लावील?”

शिवाय पाऊस होता. मुसळधार. अण्णा बोटीतून उतरतात आणि त्यांचे अश्रू पावसात मिसळून जातात, असा तो प्रसंग. मी दबकत म्हटलं, “पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत ना?” खवळलेल्या समुद्रात बोट घालायची कंपनीची छाती नव्हती, मे संपता संपता बंद झालेली वाहतूक पाऊस सरल्यावरच सुरू होई. अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. जन्म बंदरावरचा. पण ते म्हणाले, “मग अश्रू कशात मिसळू?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा घेऊन आलेल्या वहिनींकडे होतं. “रडले कशाला असते? मामा आले होते की धक्क्यावर घ्यायला. सासूबाई नेहमी सांगायच्या. व्हिक्टोरिया करून नेलं घरी, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीला चिकटवलं.”

मी खर्डा पुन्हा चाळला. तीनशे पानांत मामा नव्हते.

“अण्णा, मामा कुठे गेले?”

अण्णा गंभीर झाले. “मामा आले,” ते म्हणाले, “की संघर्ष जातो.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावर याहून नेमकी समीक्षा माझ्या ऐकण्यात नाही. तेव्हापासून कुणाचीही जीवनकहाणी हातात आली की मी आधी मामा शोधतो. बँकेचं कर्ज मंजूर करणारा ओळखीचा साहेब, सासऱ्यांनी दिलेली जागा, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स देणारी मुलगी: सगळे मामाच. मजकुरात जिथे नायक ‘एकाकी’ होतो, तिथे कुणीतरी नुकतंच डबा देऊन गेलेलं असतं.

आणखी एक खूण मला अण्णांमुळेच कळली. त्यांच्या लिखाणात ‘अगदी मनापासून सांगतो’ हे शब्द आले की पुढच्या ओळीत हमखास काहीतरी बनवलेलं असे. मनापासून नसलेला भाग मात्र खरा होता. कार्यालयातल्या पंख्याचा आवाज, पहिल्या पगाराच्या दिवशी बुटाने चावलेला पाय. हे लिहून अण्णांचा काही फायदा होणार नव्हता, म्हणून ते त्यांच्याकडून खरंच लिहिलं गेलं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर माझा पूर्ण विश्वास बसला तो एका मिठाच्या जोरावर. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. खोटं रचायला बसलेल्या माणसाला करारी बाप सुचेल, हळवा बाप सुचेल, मीठ धुणारा बाप सुचणार नाही. १९३४ साली हे पुस्तक येऊ लागलं. त्यात नवऱ्याचं ख्रिस्ती होणं आहे, ताटातूट आहे. रडायला हवी तेवढी जागा आहे. आणि बाई मध्येच स्वतःच्याच फजितीवर हसतात. हसणाऱ्या माणसाला पावसाची गरज पडत नाही.

मामांच्या बाबतीत सर्वांत सरळ माणूस मात्र विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७च्या सुमारास उत्तरेकडे निघाले ते क्रांती बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं, मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ व्हायचा होता आणि दक्षिणा भरपूर मिळेल अशी बातमी होती. वाटेत बंड पेटलं. झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, कमाई बरीचशी वाटेतच गेली. दुसरा कुणी असता तर ‘मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन’ निघाला असता. गोडसे भटजी दक्षिणेसाठी निघाले आणि दक्षिणेसाठी निघालो असंच लिहून मोकळे झाले. भीती वाटली तिथे भीती वाटली म्हणतात. मुख्य म्हणजे सोबत काका होते, आणि पुस्तकातही ते शाबूत आहेत! अण्णांना मी हे मुद्दाम सांगितलं. “त्यांना वेढा होता,” अण्णा म्हणाले, “काका परवडले.”

अर्थात लेखक सरळ असला तरी पुस्तकाला पुढे संपादक भेटतो. भटजींनी हे लिहिलं चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि १९०७ साली वैद्यांनीच ‘माझा प्रवास’ छापलं. पण काही गाळून, काही बदलून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ साली काढला. म्हणजे भटजींचे शब्द भटजींच्या तोंडी परत यायला सुमारे साठ वर्षं गेली.

नाना फडणवीसांनीही छोटंसं आत्मवृत्त लिहून ठेवलं आहे. तरुणपणी मन विषयाकडे कसं धावे, पानिपतावरून जीव कसा वाचवला, सगळं त्यात आहे. इतकं की शाळेच्या पुस्तकात घालता येणार नाही. साऱ्या दरबारांतल्या आतल्या बातम्या ज्यांच्याकडे पोचत, त्यांनी स्वतःची आतली बातमीही दडवली नाही. फक्त ते लिखाण पानिपतानंतर लवकरच थांबतं. कारभार हाती यायच्या आधीच! नाना हुशार होते हे मला बखरींपेक्षा यावरून जास्त पटतं.

अण्णांचं पुस्तक शेवटी स्वखर्चाने निघालं. पाऊस राहिला, सव्वादोन रुपये राहिले, मामा आले नाहीत. प्रकाशनाला मामांचे चिरंजीव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनी अजून वाचलं नव्हतं. पाचशे प्रतींपैकी साडेचारशे पलंगाखाली गेल्या.

पण घरच्या प्रतीचं नशीब वेगळं. दुपारी वेळ जात नाही म्हणून वहिनींनी ती पेन्सिल घेऊन वाचली. ‘मी उपाशी झोपलो’ याच्यासमोर समासात: ‘मामींनी थालीपीठ केलं होतं, यांना तिखट लागलं.’ ‘माझ्या निर्णयाला सर्वांचा विरोध होता’ याच्यासमोर: ‘कुणी विचारलंच नव्हतं.’ ‘पत्नीने समंजसपणे साथ दिली’ याच्यासमोर नुसतं उद्गारचिन्ह, तेही कागद फाटेल इतकं दाबून. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी ती प्रत नेली, त्यांच्याकडून ती दुसऱ्या जिन्यावर गेली, आणि आता तिच्यासाठी नंबर लागले आहेत. तीच माणसं अण्णांनी कोरी प्रत पुढे केली की चष्मा घरी राहिल्याचं सांगतात.

परवा अण्णा खाली आले. दुसरी आवृत्ती काढावी म्हणतात, तळटीपांसह. मी विचारलं, वहिनींची संमती आहे का?

“आहे,” अण्णा म्हणाले. “पण ती म्हणते, मुखपृष्ठावर नाव तिचं आधी.”