कुंडातले खाँसाहेब

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात मानेपर्यंत बसलं की कोणाचाही गळा वसंतराव देशपांड्यांचा होतो. वाफ असते, भिंती दाद देतात, आणि अंग पोळत असल्यामुळे तान आपोआप सुटते. एवढ्या भांडवलावर आमच्याकडचे होतकरू नट संगीत नाटकाच्या निवडीसाठी ठाण्याला निघतात. नाटक असतं १८८२ साली रंगभूमीवर आलेलं 'सौभद्र', हवा असतो घटोत्कच, आणि हे गातात १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'तल्या खाँसाहेबांचं पद!

पेटीवाले विचारतात, "पट्टी कुठली?"

"मोबाइलवर आहे तीच."

मग काळी एकमध्ये सुरुवात होते, अंतऱ्यात वरचा षड्ज दिसतो आणि नेमका तिथेच ठसका लागतो. परीक्षक तिसरा चहा मागवतात. सकाळपासूनचे हे नववे खाँसाहेब असतात. कुंड ठाण्यात नाही, हे लक्षात येईपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलेलं असतं.

बाबांनो, गळ्याला झेपेल आणि पात्राला शोभेल असं एखादं साधं पद घ्या, दोन मिनिटांत आटपा, शब्द ऐकू येऊ द्या. जमल्यास संवादही पाठ करून जा. घटोत्कच अजून मिळालेला नाही.