फी जुलैत, शिष्यवृत्ती पुढच्या जुलैत

वऱ्हाडात जुलै महिना कास्तकाराच्या खिशाला सगळ्यात वाईट. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी यात हातातला पैसा वावरात गेलेला असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास घरी येणार, कपाशीचा पहिला वेचा दिवाळीच्या तोंडावर. नेमक्या याच दिवसांत अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत प्रवेश चालू असतात. फी भरा, अनामत भरा, खोलीचं आगाऊ भाडं भरा. सरकार म्हणतं, काळजी करू नका, आम्ही देतो. देतं, हे खरं आहे. कधी देतं, त्याबद्दल बोलायचं आहे.

मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसीलसमोरच्या नेट कॅफेत अर्धा तास बसा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात प्रमाणपत्र, जात वैधता, गॅप पडला असेल तर त्याचं शपथपत्र, अशी प्लास्टिकची फाइल छातीशी धरून पोरं रांगेत असतात. संवाद ठरलेला.

"भाऊ, पैसा काऊन नाई आला?"

"व्हाऊचर रिडीम केलं का?"

"दोन खेपा केलं."

"मंग आधार सीडिंग पाय. कोन्त्या बँकेले लिंक हाय?"

पाहिल्यावर कळतं की आधार गावच्या बँकेला नाही, सिमकार्ड घेताना नकळत उघडल्या गेलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे. कुणाचा अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनवर पडून आहे, कुणाचा प्राचार्यांच्या, कुणाचा जिल्हा कार्यालयाच्या. एवढं सगळं पार पडलं, तर स्क्रीनवर 'निधी उपलब्ध नाही'च्या अर्थाचं काहीतरी दिसतं, आणि पोरगा फाइल बंद करून एसटी स्टँडवर जातो.

शिष्यवृत्तीच्या अर्जांचं महाडीबीटी पोर्टल आलं ते चांगल्या हेतूनं. संस्थांनी खोटे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारी महाराष्ट्रानं पाहिल्या होत्या. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावा, हे योग्यच. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आपला वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के ठरवला. तेही योग्य. पण आता एकाच मुलाची एकच शिष्यवृत्ती दोन सरकारांकडून दोन वेळा येते, आणि त्यातली एकही वेळ त्याच्या फीच्या तारखेशी जुळत नाही. चोरी थांबवण्यासाठी बसवलेली यंत्रणा प्रामाणिक पोरालाच वर्षभर दारात उभं करते, तेव्हा ती यंत्रणा दुरुस्त करायची असते. प्रत्यक्षात दर वर्षी काय होतं? अर्जाची मुदत वाढवली, म्हणून प्रसिद्धिपत्रक निघतं. मुदतवाढ अर्जाला मिळते, मेसवाल्याच्या बिलाला मिळत नाही.

8 जुलै 2024 चा शासन निर्णय मी मनापासून चांगला मानतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मंच होतं. सरकारनं त्यासाठी सुमारे 906 कोटींचा जादा भार उचलायचं ठरवलं. बारावीनंतर लग्नाची बोलणी सुरू होणाऱ्या घरांत त्यामुळे पोरीच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आला.

पण निर्णय वाचा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश हवा. त्याच घरातला भाऊ निम्म्या फीवरच राहिला. आणि मुख्य म्हणजे माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, खोली, मेस, प्रवास या गोष्टी तिच्या बाहेर. धारणीची पोरगी अमरावतीत शिकायला येते, तेव्हा तिच्या बापाला फीपेक्षा आधी खोली दिसते. मेळघाटातून रोज येऊन-जाऊन इंजिनिअरिंग होत नाही.

हे पंजाबराव देशमुखांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पापळ गावातून निघून एडिनबरोपर्यंत शिकून आलेला हा माणूस अमरावतीत परतला आणि त्यानं श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. मग 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातल्या पोराला शाळेआधी शहरात निजायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हा त्यातला साधा व्यवहार होता. म्हणून अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी 2016 मध्ये आलेल्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेला त्यांचं नाव दिलं, ते शोभलं. ती सुरू झाली तेव्हा अमरावती-अकोल्यासारख्या शहरात वर्षाला 20 हजार, म्हणजे दहा महिने दोन-दोन हजार मिळायचे. पुढे रकमा वाढल्या. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी सावित्रीबाईंच्या नावानं आधार योजना आली. तिच्यात जागा जिल्ह्याला 600. अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, तुम्हीच भागा.

आता अनुसूचित जातीच्या मुलाचा मॅट्रिकोत्तर निर्वाह भत्ता पाहा. घरून ये-जा करत साधं बीए करणाऱ्या मुलाला वर्षाला 3,000 रुपये. महिन्याला 250. विद्यार्थ्याला एसटीच्या पासमध्ये दोनतृतीयांश सवलत आहे, तरी उरलेला एक तृतीयांश भरून या 250 मध्ये काय वाचतं, ते कुठल्याही पालकाला विचारा.

आयटीआयची गोष्ट याहून वाईट. आपल्या राज्यात आयटीआयच्या विद्यार्थ्याचं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना 40 रुपये होतं. चाळीस! फिटर, वेल्डर, वायरमन शिकणाऱ्या, तेलात हात बुडवणाऱ्या पोराला सरकार महिनाभराच्या चहाचेही पैसे देत नव्हतं. 2023 मध्ये त्याचे 500 झाले. आता पुढच्याच वर्षी आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावीला 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार महिना. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. म्हणजे तोच पोरगा ट्रेड शिकत असताना त्याची किंमत 500, आणि शिकून झाल्यावर ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये कागद लावायला बसवला की 8 हजार. अकरा महिन्यांनंतर पुन्हा घरी. जर्मनीत कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेल्या पोराला करारानं पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो आणि 2020 पासून त्याला कायद्यानं किमान मर्यादा आहे. तिथं शिकण्याच्या काळाला किंमत आहे. आपण ती शिकून झाल्यावर, निवडणुकीच्या वर्षात द्यायला लागलो.

नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार आहे, हजार एकरांवर. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्यातून पंतप्रधानांनी पायाभरणी केली. पांढरं सोनं पिकवणाऱ्या भागात सूत आणि कापड व्हावं, ही आपली जुनी मागणी. त्या पार्कात लूम चालवणारे, रंगाई करणारे, मशीन दुरुस्त करणारे हात कुठून येणार? आत्ता अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमध्ये 500 रुपयांवर टिकून राहिलेल्या पोरांतूनच. जे टिकले नाहीत, ते पुण्याला चाकणच्या कंपनीत कंत्राटावर गेले.

संस्थांची बाजूही सांगतो, कारण सगळं पाप त्यांच्या माथी मारणं सोपं आहे. 1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. अमरावतीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चं. त्यानंतर सरकारनं स्वतः बांधण्याऐवजी परवानग्या देण्याचा रस्ता धरला. 2001 नंतर साध्या कला-वाणिज्यच्या नव्या कॉलेजांनाही 'कायम विनाअनुदानित' हा शिक्का लागला. या संस्था फीवर चालतात, आणि त्यांच्या बहुतेक मुलांची फी सरकार भरणार असतं. सरकारचा पैसा वर्ष-वर्ष अडकला की प्राध्यापकांचे पगार अडकतात. मग कार्यालयातून पोराला निरोप जातो: आधी पूर्ण फी भर, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, नाहीतर हॉल तिकीट, टीसी विसर. सरकार परिपत्रक काढतं, पात्र विद्यार्थ्यांकडून फी घेऊ नका. परिपत्रकानं पगार होत नाही. देणेकरी सरकार आहे, आणि वसुली सोयाबीन विकणाऱ्या बापाकडून होते आहे.

पैसा नाही म्हणावं, तर तेही पटत नाही. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली होती, की त्यांच्या विभागाचे सुमारे 410 कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले. आदिवासी विकास विभागाचेही सुमारे 335 कोटी गेले. बहिणीला 1,500 रुपये मिळू नयेत असं कुणीही म्हणणार नाही. यातल्या कितीतरी बहिणी याच पोरांच्या आया आहेत. पण आईच्या खात्यात टाकायला लेकराच्या वसतिगृहाच्या विभागातून काढणं, हा हिशेब कुठल्या घरात मान्य होईल?

म्हणून माझी मागणी रकमेची नाही, आधी तारखेची आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं ऊस नेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज द्यायचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यानं तो हक्क भांडून वसूल केला. वऱ्हाडच्या पोराच्या शिष्यवृत्तीला तसाच कायदा लावा. प्रवेश पक्का झाल्यापासून तीस दिवसांत निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता खात्यात, फीचा वाटा कॉलेजात, उशीर झाला तर व्याज सरकारचं. कागदपत्रं पहिल्या वर्षी एकदाच तपासा. दर वर्षी तोच जातीचा दाखला मागून काय नवं कळणार आहे? आणि आयटीआयचे 500 निदान त्या युवा प्रशिक्षणाच्या निम्म्यावर तरी आणा.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मिळून विधानसभेच्या तेरा जागा आहेत. तुमच्या आमदाराचा फोन नंबर तुमच्याकडे असेलच. त्याला फक्त एवढं विचारा, आपल्या मतदारसंघातल्या किती पोरांची मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून यायची आहे. आकडा सांगता आला नाही, तर पुढच्या अधिवेशनाआधी काढायला सांगा.