जावईबापू पाणंदीत

“अगं, मास्तरांच्या जावयाचं कळलं का?”

काकूंनी असं विचारलं की हातातलं काम खाली ठेवायचं असतं. मला निम्मंअर्धं कळलं होतं, पण तसं कबूल केलं की पुढचा मसाला मिळत नाही. “नाही बाई, काय झालं?” म्हणत मी कुंपणाला टेकले.

जावई पुण्याचे, गाडी कोरी, महिना श्रावणाचा. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला साखरपुडा. मास्तरांनी रस्ता सांगायला तोंड उघडलं तर जावई म्हणाले, “बाबा, लोकेशन आहे ना!” फोनवर ‘गोरेगाव’ टाकलं, तर त्यानं आधी मुंबईचं काढून दिलं.

“रात्रभराचा रस्ता दाखवायला की!” काकूंना हसू आवरेना. “मग निघालं ते रायगडातलं, माणगावकडचं. आपलं बिचारं तिसरं. बरं, सापडलं तर सापडलं, चांगल्या डांबरीनं जावं ना? तर ती फोनमधली बाई म्हणाली, इकडून वळा, दहा मिनिटं वाचतील. वाचली दहा मिनिटं! दोन शिवारांच्या मधल्या पाणंदीत गाडी.”

काळ्या मातीत ऐन पावसाळ्यात चारचाकी घातली की काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आधी गाडी नुसती घसरते, तोवर हसायला येतं. मग माती टायरवर थरावर थर चढवते, टायर आणि मडगार्डमधली फट भरून काढते आणि चाक फिरायचंच बंद होतं. जावई नव्या बुटांनिशी उतरले, ते घोट्यापर्यंत गेले. मास्तरांच्या लेकीनं शेवटी आहेराच्या भांड्यांतला स्टीलचा झारा काढला आणि शालू खोचून चाकातली माती खरवडायला बसली. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला. त्यानं साखळी लावून गाडी ओढली आणि विचारलं, “इकडून कुठं निघाले होते साहेब? ही बैलांची वाट हाय.”

“आणि झारा?” मी विचारलं.

“धुऊन दिला म्हणे आहेरात.”

आता हे आमच्या ह्यांना सांगायची सोय नाही. आमच्या घरात कागदी पक्ष मजबूत आहे. गाडीच्या खणात महाराष्ट्राचा घडीचा नकाशा अजून ठेवलेला आहे आणि कुठंही निघालो की तो मांडीवर उलगडला जातो. त्याची एक उभी आणि एक आडवी घडी नेमकी हिंगोलीवर येते. त्यामुळे इतक्या वर्षांत आपलं गाव झिजून तिथं भोक पडलंय. वसमत आहे, कळमनुरी आहे, हिंगोलीच्या जागी मांडीवरची साडी दिसते. शिवाय तो १ मे १९९९ च्या आधीचा, म्हणजे हिंगोली जिल्हाच त्यावर नाही, सगळी परभणी. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावंही त्यावर तशीच. समृद्धी महामार्गाचा तर पत्ताच नाही. तरी हे म्हणतात, “कागद कधी हँग होत नाही.” होत नाही हे खरं, पण १९९९ च्या अलीकडं येतही नाही.

मला कागदाचा गुण मान्य आहे तो वेगळाच. त्याला धरायला माणूस लागायचा. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या बाईला गाडीत हुद्दा होता. “पुढच्या फाट्याला डावीकडं,” असं ती म्हणायची, आणि चुकलं तर भांडायला समोर कुणीतरी जिवंत असायचं. फोनमधल्या बाईशी भांडून बघा. आपण तिचं एकही ऐकलं नाही तरी ती त्याच आवाजात नवा रस्ता काढून देते. इतकं न चिडणारं माणूस संसारात परवडत नाही.

काकूंचा पक्ष तिसराच: काच खाली करायची आणि विचारायचं. ह्या पक्षाची थोरवी गायची आपल्याकडं पद्धत आहे, पण मला त्यातही गोम दिसते. आपल्याकडं ‘माहीत नाही’ असं कुणी म्हणत नाही. पारावर चौघांना विचारलं की चार हात चार दिशांना जातात आणि अंतराचं उत्तर एकच, “हे काय, आलंच की!”

एवढं होईस्तोवर काका बाहेर आले. काका भूमी अभिलेखमधले निवृत्त भूकरमापक. जिल्ह्यातली निम्मी भांडणं त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलीत.

“उपग्रहाला कशाला नावं ठेवता?” काका म्हणाले. “तो बिचारा वीस हजार किलोमीटरवरून फक्त आपली वेळ सांगतोय. त्याला ना मास्तरांचा जावई ठाऊक, ना गोरेगाव. निदान चार उपग्रहांची वेळ ऐकून फोन स्वतःच हिशेब करतो, की मी अमुक जागी आहे. रेंज नसली तरी करतो. तो निळा ठिपका जवळजवळ बरोबरच असतो. जावई पाणंदीत होते, ठिपका पण पाणंदीतच होता. खोटं काय होतं? पाणंदीला रस्ता म्हटलं ते. ते आभाळातून नाही आलं. ते कुणीतरी काढलेल्या नकाशातून आलं.”

म्हणजे भांडण फोन आणि कागदाचं नाहीच, फोनच्या पोटातही नकाशाच आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि मला ते पटलं. गाव नकाशात गाडीवाट तुटक रेषेनं दाखवतात, पायवाट वेगळी, शिव वेगळी. ती रेषा वाचणाऱ्याला कळतं की इथं जून ते ऑक्टोबर पाऊल टाकायचं नाही. फोनमध्ये सगळ्या रेषा सारख्याच गुळगुळीत. वरून पाहिलं तर पाणंद ही दोन हिरव्या पट्ट्यांमधली सरळ रेघच की! तिच्यात किती चिखल आहे ते वरून कोण सांगणार?

“अकोल्यात तेच झालं ना,” काका जरा गंभीर झाले. आपलं अकोला नव्हे, नगरकडचं अकोले. जानेवारी २०२१ मध्ये पिंपळगाव खांड धरणात रात्री एक गाडी गेली आणि चालवणारा बुडाला, सोबतचे दोघं पोहून निघाले. फोनमध्ये पूल होता, पण पाणी सोडलेलं असल्यानं तो पाण्याखाली होता. गावातला माणूस त्या दिवसांत तिकडं फिरकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडं पुरात तुटलेल्या पुलावरून गाडी खाली गेली, तिघं गेले. आपल्या कयाधू नदीवरच्या ठेंगण्या पुलांची आठवण आली आणि मी जरा गप्पच झाले. पण खरं बोलायचं तर कागदी नकाशानंही ते पूल दाखवलेच असते. पूल बुडालाय की तुटलाय हे सांगायचं काम आडव्या लावलेल्या काट्यांचं आणि दोन दगडांचं, ते तिथं असायला हवेत.

काका एकदा सुरू झाले की लॅम्ब्टनवर येतातच. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रजानं १८०२ मध्ये मद्रासहून देश मोजायला घेतला, अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट आणि शंभर फुटी साखळी घेऊन. मोजत मोजत आपल्या पूर्वेच्या बाजूनं वर सरकला आणि १८२३ च्या जानेवारीत वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. तिथंच त्याला पुरलं. “वीस वर्षं मोजत होता,” काका म्हणाले, “आणि ह्या पोरांना दोन मिनिटं थांबून रस्ता बघायला होत नाही.”

“अहो, पण ते उपग्रहावरचं घड्याळ पुढं पळतं म्हणे?” मी विचारलं. माझा भाचा औंढ्याच्या लायगोबद्दल बोलताना असं काहीतरी सांगून गेला होता.

“पळतं. आइन्स्टाइनच्या हिशेबानं दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद. ते आधीच धरून दुरुस्त करतात. नाही केलं तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक पडेल. तुम्ही निघाल नर्सीला आणि फोन म्हणेल तुम्ही हिंगोलीतच आहात.”

काकूंनी डोक्याला हात लावला. त्याच आइन्स्टाइनच्या लहरी मोजायला औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांची ही लायगो वेधशाळा होणार, केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी हालचाल तिथं कळणार. “आणि त्याच जिल्ह्यात जावयाला डांबरी आणि पाणंद कळंना!” काकू म्हणाल्या.

“मग काका, फोन किती चुकतो?”

“मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटर. रस्त्यावर चालून जातं. शेतात नाही चालत. मोजणीचा रोव्हर असतो ना, तो त्याच उपग्रहांवर चालतो, पण दोन-तीन सेंटिमीटरवर आणतो.” काकांनी फोन काढून कुंपणावर धरला. “ह्याच्या म्हणण्यानं तुमची तुळस आत्ता आमच्या न्हाणीत आहे.”

काकूंचे डोळे चमकले. “मग आणा की एकदा तो रोव्हर. हा शेवगा कुणाच्या हद्दीत आहे ते तरी कळू द्या.”

शेवगा बरोब्बर तारेत आहे. बुंधा तिकडं झुकलेला, शेंगा इकडं. काकांनी लगेच खात्याचा सूर लावला: अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, लगतधारकांना नोटीस जाते, पंचनाम्यावर सह्या होतात.

“नोटीस कशाला काका,” मी घाईनं म्हटलं, “शेंगा निम्म्या तुमच्या, निम्म्या आमच्या.”

“निम्म्या?” काकू म्हणाल्या. “परवा सकाळी काठीनं किती पाडल्यास ते मी न्हाणीच्या खिडकीतून मोजलंय.”