९९.९ टक्के चकली

होस्टिंग विकणाऱ्यांच्या राज्यात सगळंच अनलिमिटेड असतं. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड, ईमेल अनलिमिटेड आणि हे सारं महिना ९९ रुपयांत. एवढ्या पैशांत डोंबिवलीत महिनाभर रोज एक कटिंगसुद्धा मिळत नाही. मात्र खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यांना. पुढे नूतनीकरणाला तो तिप्पट-चौपट. माझी हयात बँकेत, म्हणजे बारीक अक्षरं छापणाऱ्यांच्याच बाजूला गेली. त्यामुळे मी कुठलाही कागद खालून वर वाचतो. केवळ या गुणावर घरच्यांनी मला वहिनींच्या दुकानाचा होस्टिंग-सल्लागार नेमलं. बिनपगारी.

वहिनींचं दुकान दिवाळीच्या फराळाचं, ऑनलाइन. वर्षातले दहा महिने साइटवर चिटपाखरू फिरकत नाही. फिरकलंच तर मेतकुटाचा भाव विचारून जातं. पितृपक्ष संपला की परदेशी पार्सलांची झुंबड उडते आणि ती नेमकी रात्री, कारण आपण पांघरूण ओढतो तेव्हा न्यू जर्सीत दुपार असते. मागच्या दिवाळीआधी तिथल्या एका गिऱ्हाईक बाईंनी अनारशांचा व्हिडिओ टाकला आणि मध्यरात्री साइट झोपली. आम्हीही झोपलो होतो, त्यामुळे घरात एकवाक्यता होती.

सकाळी पडद्यावर ५०८ हा आकडा. होस्टिंगवाल्यांच्या मदतनिसाने आधी आमचं अभिनंदन केलं. साइट लोकप्रिय झाली ना! मग मोठ्या प्लॅनचा भाव सांगितला. आणि ‘अनलिमिटेड’ खोटं नव्हतंच. पाहुणे किती आले यावर बंधन नव्हतं. एका वेळी किती जणांकडे बघायचं, यावर होतं. ती मर्यादा वीस. एकविसावा आला की दार बंद. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट नांदत असतात, तेव्हा एकाने हातपाय पसरू नयेत म्हणून ही सोय. सोय त्यांची.

पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो, त्याने तुलनेचा तक्ता करून पाठवला. त्यात प्रत्येक कंपनीपुढे ‘अपटाइम ९९.९ टक्के’. वहिनी खूश. “भावोजी, बोर्डात एवढे कुणाला पडतात?” मी कागद-पेन्सिल घेतली. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ साइट बंद राहिली तरी कंपनी वचनाला जागली. आणि हे पावणेनऊ तास पौषातल्या एखाद्या मंगळवारी पहाटे खर्च करायचे, असं करारात कुठेही नाही. ते धनत्रयोदशीच्या संध्याकाळीही येऊ शकतात. माझा अनुभव विचाराल तर तेव्हाच येतात. चार नऊवाली, म्हणजे ९९.९९ टक्केवाली कंपनी वर्षाला सुमारे बावन्न मिनिटं मागते, पण पैसे असे मागते की आपलाच अपटाइम जावा. आणि वचन मोडलं तर भरपाई काय? त्या महिन्याच्या भाड्यातले काही टक्के, तेही पुढच्या बिलात वळते. ९९ रुपयांचे पाच टक्के म्हणजे पाच रुपये. वहिनींच्या दराने त्यात चकलीचं एक वेटोळंही येत नाही.

थोरामोठ्यांचंही असंच होतं, असं सांगून पुतण्याने धीर दिला. ६ ऑक्टोबर २०१४ला फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ मांडला तेव्हा त्यांनी जवळपास पाच हजार सर्व्हर लावले होते आणि वीसपट गर्दीची तयारी ठेवली होती. गर्दी त्याहून जास्त आली. साइट अडखळली आणि दोघा संस्थापक बन्सलांनी गिऱ्हाइकांना माफीचं पत्र लिहिलं. जुलै २०१८मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम डेला तर पहिल्याच तासात लोकांना मालाऐवजी कुत्र्यांचे फोटो दिसू लागले. साइट चुकली की कर्मचाऱ्यांची कुत्री दाखवायची, ही त्यांची रीत. गंमत म्हणजे जगाला सर्व्हर भाड्याने देणारी सगळ्यात मोठी पेढी तीच.

“आपली साइट पडली तर कुणाचा फोटो लावायचा?” पुतण्याने विचारलं.

“ह्यांचा,” वहिनी म्हणाल्या. दादांनी पेपर खाली केला नाही.

दादांना एकच गोष्ट कळली होती: क्लाउड म्हटलं तरी सामान जमिनीवरच कुठेतरी ठेवलेलं असतं. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, असं ऐकल्यावर ते म्हणाले, “मग रविवारी बघून येऊ. ठाण्याला गाडी बदलली की ऐरोली.” आत कुणाला सोडत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांचा त्या उद्योगावरचा विश्वासच उडाला. २०२१च्या मार्चमध्ये फ्रान्सात स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुतण्याला मात्र सांगितलं. आता बॅकअप दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीकडे जातो.

खरा तिढा सोडवला वहिनींनी. मी आणि पुतण्या दोन दिवस व्हीपीएस की डेडिकेटेड यावर वाद घालत होतो. म्हणजे सामाईक मशीनवर आपला ठरलेला हिस्सा घ्यायचा, की अख्खं मशीन बारा महिने पोसायचं. तळणाचा झारा हातात घेऊनच त्या बाहेर आल्या. “मी दिवाळीला मदतीला चार बायका जास्त बोलावते. भाऊबीज झाली की त्या घरी जातात. फाल्गुनात त्यांना बसवून पगार देत नाही. तुमच्या मशीनला हे का जमत नाही?” पुतण्याने आ वासला. जमतं. यालाच स्केलिंग म्हणतात आणि क्लाउड विकणारे त्यावर तासभर स्लाइड दाखवतात.

मग वहिनींनीच तपासणी सुरू केली. गर्दीत नेमकं अडतं कुठे? पुतण्याने सांगितलं, चकलीचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, तेव्हा ते एकदा बनवून कॅशमध्ये ठेवता येतं. फोटो तर न्यू जर्सीच्या जवळ ठेवलेल्या प्रतींतून, म्हणजे सीडीएनवरून जातात, मूळ सर्व्हरला त्रासच नाही. पण कार्ट प्रत्येकाची वेगळी, शिल्लक किती हे दर वेळी डेटाबेसला विचारायचं. ते आयत्या वेळीच करावं लागतं.

“म्हणजे चकली करून ठेवायची आणि उकडीचे मोदक पानावर बसल्यावर. एवढं इंग्रजी कशाला?”

मध्यम व्हीपीएस वर्षभर, सर्व्हर मुंबईत आणि घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत मोठं मशीन, असं ठरलं. पुतण्याने एका रात्री पाच हजार खोटी गिऱ्हाइकं सोडून चाचणी घेतली. साइट हलली नाही. तो उड्या मारत स्वयंपाकघरात गेला.

“पाच हजार एकदम?” वहिनींनी गॅस बारीक केला. “दिवसाला चाळीस किलो चकली होते माझ्याकडून. साइट नाही पडायची आता. मी पडेन.”

मग पुतण्या पुन्हा बसला. शेवटचं पाकीट दोघांना एकदम विकलं जाऊ नये, म्हणून कार्टमध्ये पडलेला माल दहा मिनिटं राखून ठेवायची सोय केली. रोजचा साठा संपला की ऑर्डर आपोआप बंद. तेव्हा दिसायचं पान लिहायचं काम दादांकडे गेलं, कारण दुकानाच्या कुठल्याच कामाला त्यांनी अजून हात लावला नव्हता. त्यांनी लिहिलं: ‘आजचा माल संपला. उद्या सकाळी दहाला सुरू.’

“दहा कुठले, बाबा? न्यू जर्सीचे की इथले?” पुतण्याने विचारलं.

“कढई आहे तिथले,” आतून उत्तर आलं.