शेवटचा नंबर कसा काढावा

भोर-वेल्ह्यातल्या ज्या कबड्डी संघांना यंदाच्या जत्रेत पहिल्याच फेरीत गारद व्हायची खात्री आहे, त्यांनी खचू नये. अमेरिकेत यालाच धोरण म्हणतात. तिथल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये तळाच्या संघांना नवा खेळाडू आधी निवडायची संधी असते, म्हणून काही जण अख्खा हंगाम पाण्यात घालतात. फिलाडेल्फियाने २०१५-१६ मध्ये ८२ पैकी ७२ सामने हरून दाखवले आणि या उद्योगाला ‘प्रक्रिया’ असं भारदस्त नाव पडलं.

आता कृती. हरणं ठरवून आहे हे दिसता कामा नये. बोनसला समोर सहा गडी लागतात. पाच असताना बिनधास्त पाय टाकावा आणि वर पंचांशी हुज्जत घालावी. कोणाला न शिवता लॉबीत उतरावं. दम मध्येच सोडावा. तंबाखूच्या कृपेने तो तसाही टिकत नाही. कॉर्नरवाल्याने घोटा धरावा, पण पाहुण्याचे पाय धुतल्यासारखा. लोण चढला की कॅप्टनने गुडघा धरून बसावं, म्हणजे माईकवाला ‘दुर्दैवी दुखापत’ जाहीर करतो. वेल्ह्याहून भोरला परतताना कापूरहोळ येईपर्यंत टेम्पोत दोष कोणाचा यावर एकमत होऊ देऊ नये.

फळाचं मात्र जरा अवघड आहे. जत्रेतली स्पर्धा बाद पद्धतीची. हरलेल्याला पुढच्या साली पहिली निवड मिळत नाही. आपला बरा चढाईपटूच मामाच्या गावाकडून उतरतो. प्रो कबड्डीत लिलाव, तिथेही तळाला सवलत नाही. पुणेरी पलटण पहिले दोन्ही हंगाम शेवटी राहिली, विजेतेपदाला २०२४ उजाडलं. आणि भारी गडी मिळाला म्हणून तरी काय? तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर मोजून घेतलं, त्याच हंगामात तेच शेवटचे.

खुद्द एनबीएनेही २०१९ मध्ये तळाच्या तिघांना पहिल्या निवडीच्या सोडतीत सारखीच, १४ टक्के संधी ठेवली. डेट्रॉईटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरून तप केलं, निवड आली पाचवी. पहिली गेली अटलांटाला, ज्यांची शक्यता ३ टक्के होती. म्हाडात अर्ज भरलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

मागे राहिल्याचा दाखला काढायची सवय आपल्या डोंगरी तालुक्यांना आहे, पण तो यात्रा कमिटी घेत नाही. प्रवेश फीही परत देत नाही. त्यासाठी पावती जपून ठेवू नये.