फॉरमॅट मारू का, मामा?
देवळ्यात कांद्याचा भाव आणि घरचा कॉम्प्युटर कधी बसेल, याचा नेम नाही. बसला, की जाणता भाचा फतवा काढतो: ‘मामा, विंडोज उडाली, फॉरमॅट मारू.’ लग्नाचे फोटो गेले तरी हरकत नाही! (१९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, त्यांतलीही कित्येक सेफ मोडमध्ये एक फाइल पुसून उठवली.) इथे तर पंखा फिरतोय, पडदा काळा, आतून बीप-बीप, म्हणजे बहुधा रॅम हललेली. प्लग काढा, पट्टी उपसा, सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवा, खट्ट वाजेपर्यंत दाबा. पण बिलात ‘खोडरबर’ लिहिलं तर पैसे कोण देणार? म्हणून दुरुस्तीवाला ‘मदरबोर्ड सर्व्हिसिंग’ लिहितो.