दंड दहा रुपये

गाडी लोणावळ्यालाही पोचली नव्हती, तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी वहीचं एक पान फाडून त्यावर चार रकाने आखले. बाबा, आई, आजी, ताई. नियम एकच. पुढच्या तीन दिवसांत जो कोणी ‘आपल्याकडे’ हा शब्द उच्चारेल, त्यानं जागच्या जागी दहा रुपये काढायचे. ताई पंच. वसुली अर्थातच स्वतःकडे.

हा नियम कोणाला उद्देशून होता हे सांगायला नको. गेल्या वर्षी म्हैसूरला साक्षात मसाला डोशासमोर बसून मी आपल्याकडच्या थालीपिठावर दहा मिनिटं बोललो होतो म्हणे. मला आठवत नाही. पण बायकोला तारीख, वार आणि वेटरचा चेहरासुद्धा आठवतो.

या वेळी इंदूर ठरलं, ते तीन दिवसांची सुट्टी आणि रात्रभराची गाडी एवढ्याच हिशेबावर. तसं मराठी माणसाला इंदूर परकं नाही. होळकरांचं गाव, लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इथलाच. पाट्यांवर ‘इंदौर’ असलं तरी आईच्या तोंडी इंदूरच. तिनं स्टीलच्या डब्यात पंधरा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. परगावच्या अन्नावर तिचा विश्वास नाही. शिवाय मधल्या दिवशी एकादशी होती, म्हणजे तिच्या जेवणाचा प्रश्न परस्पर मिटलाच होता.

पहिला दंड रतलामला बसला. भल्या पहाटे चहाचा घोट घेऊन मी फक्त एवढंच म्हणालो, की आपल्याकडे यात आलं घातलं असतं. बर्थवरून एक हात खाली आला. डोळे मिटलेलेच होते, तळवा उघडा होता.

इंदुरात सामान टाकून आम्ही पोहे खायला गेलो. पोह्यांच्या बाबतीत पुणेकराचं मन मोठं नसतं, हे मी आधीच कबूल करतो. फोडणी, कांदा, शेंगदाणे, लिंबू, वर ओलं खोबरं, एवढं झालं की पोह्यांचा विषय जगासाठी संपला, असं आम्ही धरून चालतो. इथे पाहिलं तर दुकानदारानं खाली पातेल्यात पाणी खळखळत ठेवलेलं, त्यावर पसरट परात, आणि परातीत पिवळ्या पोह्यांचा डोंगर. डोंगर वाफेवरच बसलेला. त्यामुळे सकाळी सातला येणाऱ्याला जसे मऊ मिळतात तसेच दहाला उठून येणाऱ्यालाही. तेल नावाला, मध्येच दाताखाली बडीशेप, जिभेवर पुसट गोडसर चव. त्यानं कागदी द्रोणात डोंगराचा एक कडा उतरवला, वर कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, मूठभर शेव टाकली, आणि शेवटी एका डब्यातून तपकिरी मसाला भुरभुरवला.

“ये क्या है?” मी विचारलं.

“जीरावन,” तो म्हणाला.

मराठीत ‘जिरवणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक पोटाशी संबंधित आणि दुसरा माजाशी. पहिल्या घासाला आंबट, खारट, हिंगाचा वास, मागून येणारा तिखटपणा असं सगळं एकदम आलं आणि माझ्यापुरते दोन्ही अर्थ लागू पडले. शेजारी गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी खाणं म्हणजे लग्नात मुंजीचा मंत्र म्हणण्यासारखं, असं माझं मत होतं. तिसऱ्या जिलबीला ते गळून पडलं.

एक मात्र राहून राहून वाटत होतं. आपल्याकडे ‘पोहे’ नेहमी अनेकवचनी. एक पोहा कोणी खात नाही. इथे गिऱ्हाईक येतं आणि ‘एक पोहा देना’ म्हणतं. एकवचनी पोहा! हे मी मोठ्यानं बोललो. वीस रुपये गेले, कारण वाक्यात तो शब्द दोनदा आला होता म्हणे. ‘आमच्याकडे’ म्हटलं तर चालेल का, असं विचारून पाहिलं. पंचांनी अपील फेटाळलं.

राजवाडा आम्ही वीस मिनिटांत पाहिला. सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ मध्ये तो जळाला होता, मग पुन्हा उभा केला. यापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा होता, हे कळतं. पण छोट्या सहलीचं खरं वेळापत्रक घड्याळावर नसतं, पोटावर असतं. यादीत पंधरा पदार्थ, पोट प्रत्येकी एक, आणि दोन खाण्यांच्या मधला वेळ भरून काढायला इतिहास. शहर स्वच्छ आहे हेही तेवढ्यात पाहून घेतलं. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणारं गाव, चिरंजीव पोह्याचा रिकामा द्रोण हातात धरून डबा सापडेपर्यंत निमूट चालत होते. हेच चिरंजीव घरी मोजे सोफ्याखाली टाकतात. (इथे मी काहीच म्हणालो नाही. दहा रुपये वाचले.)

दुपारी बायकोनं ऊन लागतंय म्हणून शिकंजी मागवली. लिंबाचं पाणी येईल म्हणून तिनं ग्लासासाठी हात पुढे केला, तर आलं आटवलेल्या दुधाचं घट्ट, केशरी, सुकामेव्यानं लगडलेलं प्रकरण. ते पिऊन तहान भागण्याऐवजी झोप आली. “आपल्याकडे शिकंजी म्हणजे…” ती म्हणाली, आणि माझा ऊर भरून आला. संसारात इतकी बरोबरीची भावना क्वचित येते.

खरी गोष्ट एकादशीच्या रात्रीची. दिवसा जिथे सोन्याचांदीची दुकानं असतात त्या सराफ्यात रात्री शटर खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. गर्दीमुळे दुकानांची राखण होते म्हणून सराफांनीच हे सुरू होऊ दिलं, असं सांगतात. आम्ही दहाला पोचलो. कोणी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून अलगद झेलत होता, कुठे कढईत ताटाएवढी जिलबी फुलत होती. भुट्ट्याचा कीस म्हटल्यावर आई थांबली. शब्द ओळखीचा होता. किसलेलं मक्याचं कणीस तुपावर परतून दुधात शिजवलेलं. तिनं वास घेतला आणि “मोहरी दिसते,” म्हणून पुढे झाली. आम्ही चौघं खात होतो आणि ती तीर्थक्षेत्री आल्यासारखी हात मागे बांधून सगळ्याचं नुसतं दर्शन घेत होती.

मग साबुदाण्याची खिचडी दिसली. तीही वाफेवरची, पांढरीशुभ्र, दाणा दाणा सुटा. देताना तो माणूस हातानं मसाला, लिंबू, कोथिंबीर कालवत होता आणि वरून शेवेसारखं काहीतरी टाकत होता. आईचा चेहरा उजळला तसाच पडला.

“बेसन,” ती म्हणाली.

“नाही हो ताई.” बाजूला द्रोण घेऊन उभे असलेले एक सत्तरीचे गृहस्थ वळले. पांढरा सदरा, गळ्याला मफलर. “बटाट्याचं आहे. फराळी मिक्स्चर. आपल्याकडे उपासाचं सगळं वेगळं ठेवतात. घ्या तुम्ही बिनधास्त.”

चिरंजीवांचा हात सवयीनं पुढे निघाला. ताईनं तो मनगटाला धरून खाली ओढला.

त्यानंतर मराठी माणसं परगावी भेटल्यावर जे होतं ते झालं. आडनाव, मूळ गाव, कोणत्या वाड्यात राहता, तुमच्या चुलत्यांच्या व्याह्यांचे कोणी इकडे होते का. नातं काही निघालं नाही, पण अगदी थोडक्यात हुकलं. त्यांच्या सात पिढ्या इंदुरात गेल्या. मराठीला हिंदीचं अस्तर होतं. “अजून गराडू नाही खाल्ला? काय गोष्ट करता! आपल्याकडे थंडीत गराडू नाही खाल्ला तर थंडी लागूच पडत नाही.” मग आपणच जाऊन तो कंद तळून घेऊन आले. आईच्या द्रोणात नुसतं सैंधव आणि लिंबू, आमच्या द्रोणांत जीरावन. आईनं दोनदा खिचडी घेतली. साडेअकराला तिसऱ्यांदा घेऊ का, असं तिनं मलाच विचारलं. डबाभर दशम्या लॉजवर होत्या.

“पन्नास झाले,” चिरंजीव माझ्या कानात पुटपुटले. आजोबांचे पाच ‘आपल्याकडे’ त्यांनी मनात मांडले होते.

परतताना रस्त्यात खटला चालला. मुद्दा असा होता की आजोबा इथलेच, तेव्हा त्यांचं ‘आपल्याकडे’ दंडात बसतं का? ताईचं म्हणणं, ते ‘आमच्याकडे’ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. ‘आमच्या’त ऐकणारा नसतो, ‘आपल्या’त असतो. म्हणजे त्यांनी आपल्यालाही त्यात धरलं. मग दंड कोणी कोणाला द्यायचा? अकरावीतल्या मुलीला व्याकरण येतं हे मला त्या रात्री कळलं. मी मात्र दोन दिवस तोच शब्द दहा-दहा रुपये मोजून वापरत होतो, आणि समोरच्या पोहेवाल्याला एकदाही त्यात घेतलं नव्हतं.

शेवटी जमा दोनशे सत्तर. माझे एकोणीस, आईचे सहा, बायकोचे दोन. त्या पैशांची शेव आणि जीरावनची पाकिटं आली. दशम्या सुरतेच्या पुढे संपल्या.

पुढच्या रविवारी बायकोनं पोहे केले. फोडणीचे, शेंगदाणे घातलेले, नेहमीचे. मी गप्प बसून खायला सुरुवात केली. आई उठली, फडताळातून शेवेचं पाकीट काढलं, माझ्या बशीत मूठभर टाकली, वर जीरावन भुरभुरवलं.

“वर शेव नको का? आपल्याकडे कोरडे नाही खात,” ती म्हणाली.

चिरंजीवांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

“आजी, आपल्याकडे म्हणजे कुठे?”

“खा आधी,” आई म्हणाली. “गार होतील.”